श्रीकांत जिचकार : ४२ परीक्षा दिल्या, आयपीएस-आयएएस सोडलं, पण आज घराघरांत पोहोचला तो त्यांचा दोन वेळच्या जेवणाचा प्लॅन

तुमच्या फॅमिली ग्रुपमध्ये एक तरी काका असे असतील ज्यांनी गेल्या काही वर्षांत अचानक सकाळचा चहा बिनसाखरेचा केला, फरसाणाची बरणी लांब ठेवली आणि दिवसातून दोनदाच जेवायला सुरुवात केली. का म्हणून विचारलं की उत्तर येतं, दीक्षित डाएट.

या डाएटला नाव दीक्षितांचं मिळालं, पण मूळ मांडणी दुसऱ्याच एका डॉक्टरांची. हे डॉक्टर वकील होते, आमदार होते, मंत्री होते, संस्कृतचे पंडित होते आणि २००४ साली वयाच्या ४९ व्या वर्षी अपघातात गेले. सोशल मीडियावर भारतातला सर्वात शिकलेला माणूस म्हणून ज्यांचा फोटो दर काही महिन्यांनी फिरतो, तेच हे डॉ. श्रीकांत जिचकार.

काटोलचा पोरगा आणि समर-विंटरचा सिलसिला

जिचकारांचा जन्म १४ सप्टेंबर १९५४ चा. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात आजनगाव म्हणून गाव आहे, तिथलं हे सधन शेतकरी कुटुंब. घरची परिस्थिती चांगली होती, त्यामुळे गरिबीतून वर आलेल्या हुशार मुलाची नेहमीची गोष्ट इथे लागू होत नाही. नोकरीसाठी शिकण्याची गरज नसताना हा माणूस शिकत राहिला, हे त्यातलं वेगळेपण.

सुरुवात डॉक्टरकीने झाली. नागपुरातून एमबीबीएस, मग एमडी. बहुतेक जण इथे थांबतात आणि दवाखान्याची पाटी लावतात. जिचकारांनी पुढे एलएलबी केलं, आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम केलं, व्यवस्थापनाची पदवी घेतली, पत्रकारिता केली. मग एमएची रांगच लागली. लोकप्रशासन, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संस्कृत, इतिहास, इंग्रजी साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, प्राचीन भारतीय इतिहास, मानसशास्त्र. संस्कृतमध्ये डी.लिट.ही मिळवली.

नागपूर विद्यापीठात शिकलेल्यांना समर आणि विंटर हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. वर्षाला परीक्षांचे दोन हंगाम. १९७३ ते १९९० या काळात जिचकार जवळपास प्रत्येक हंगामात कुठली ना कुठली परीक्षा देत राहिले. एकूण परीक्षा ४२. पदव्या २०, सुवर्णपदकं २८ असा आकडा सांगितला जातो. लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्सनेही त्यांची नोंद घेतली.

दरम्यान १९७८ मध्ये ते आयपीएस झाले आणि राजीनामा दिला. १९८० मध्ये आयएएस झाले, चार महिन्यांत तेही सोडलं. कारण निवडणूक लढवायची होती.

आमदार, मंत्री, खासदार

१९८० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ते काटोलमधून विधानसभेत गेले. देशातले सर्वात तरुण आमदार म्हणून त्यांचं नाव झालं. बऱ्याच पोस्टमध्ये तेव्हाचं वय २६ लिहिलेलं असतं. जन्मतारखेवरून हिशेब केला तर ते २५ वर्षांचे होते, म्हणजे आमदार होण्यासाठी जे किमान वय लागतं तेवढेच.

पुढे विधान परिषद, राज्यमंत्रिपद आणि एकाच वेळी १४ खाती, नंतर १९९२ ते १९९८ राज्यसभा. लोकसभेत मात्र त्यांना कधी जाता आलं नाही. १९९२ मध्ये त्यांनी नागपुरात सांदिपनी शाळा सुरू केली. घरी ५० हजारांवर पुस्तकं असल्याचं सांगतात. राजकीय कारकीर्द एवढ्यात आटोपती घ्यायला हरकत नाही, कारण मंत्री म्हणून त्यांनी काय केलं हे आज फार कुणाला आठवत नाही. आठवतं ते एक व्याख्यान.

व्याख्यानात होतं काय?

जिचकार व्याख्यान द्यायचे ते वजन आणि मधुमेहावर. श्रोते डॉक्टर नसायचे, साधी माणसं असायची. मांडणी सोपी होती आणि सगळी एका हार्मोनभोवती फिरायची, ते म्हणजे इन्सुलिन.

आपण काही खाल्लं की रक्तात साखर वाढते. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडतं आणि साखर पेशींमध्ये पोहोचवतं. पण इन्सुलिनचं आणखी एक काम आहे. ते रक्तात जास्त असेल तोपर्यंत शरीर साठवलेली चरबी वापरायला काढत नाही. म्हणजे गोदामात माल येतो, बाहेर जाण्याचं दार मात्र बंद राहतं.

आता दिवसभराचं खाणं आठवा. उठल्यावर साखरेचा चहा, सोबत दोन बिस्किटं. दहा वाजता तर्री पोहे. मग जेवण. चार वाजता पुन्हा चहा. संध्याकाळी कुणाच्या घरी गेलं की चिवडा. रात्रीचं जेवण, वर एखादा पेढा. यातलं फक्त जेवण आपण खाणं म्हणून मोजतो. स्वादुपिंड सगळंच मोजतं.

जिचकारांचा उपाय असा होता. तुमची खरी भूक कोणत्या दोन वेळी लागते ते ओळखा. त्या दोनच वेळी जेवा, पोटभर जेवा, पण ५५ मिनिटांत जेवण संपवा. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच. वजनकाटा लावून भाजी मोजायची नाही, कॅलरीचा तक्ता नाही, महागडी पावडर नाही.

विदर्भात हे पटायला सोपं होतं. कापसाच्या पट्ट्यात शेतावर जाणारा माणूस सकाळी जेवून निघायचा आणि संध्याकाळी परत येऊन जेवायचा. मधल्या खाण्याची सोय नंतर आली. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याचंच उदाहरण घ्या. तिथे आता एमआयडीसी आहे. शेतीचा दिवस सूर्यावर चालतो, कारखान्याचा शिफ्टवर, आणि शिफ्टसोबत चहाच्या सुट्ट्या येतात. नाइट शिफ्ट असेल तर जेवणाच्या वेळा पार उलट्या होतात. जिचकारांच्या प्लॅनमध्ये अमुक वाजताच जेवा असं बंधन नव्हतं, भुकेची वेळ ज्याची त्याने ठरवायची होती. अशा नोकरदारांसाठी हा मोठा फरक आहे.

विज्ञान काय म्हणतं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण जिचकारांची अर्धी मांडणी भक्कम आहे आणि अर्धी नाही.

इन्सुलिन चरबी वापरण्याला अडवतं, हे शरीरशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडतं. ५५ मिनिटांचं गणित मात्र तसं नाही. एकदा खाल्लं की इन्सुलिनचं एक माप सुटतं आणि त्यानंतर ५५ मिनिटांनी खाल्लं की दुसरं, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात इन्सुलिन अशा ठरलेल्या मापात सुटत नाही. पहिली लाट काही मिनिटांत येते, दुसरी साखर वाढलेली असेपर्यंत चालू राहते. किती सुटणार हे काय खाल्लं आणि किती खाल्लं यावर ठरतं. ५५ मिनिटांची मर्यादा ताट लवकर आवरायला उपयोगी आहे, शरीराचा तो नियम नाही.

जिचकारांच्या हयातीत या प्लॅनची मोठी क्लिनिकल ट्रायल झाली नाही. दोन वेळच्या जेवणाची चाचणी झाली ती त्यांच्यानंतर १० वर्षांनी आणि पार प्रागमध्ये. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण होते. प्रत्येकाने १२ आठवडे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाल्लं आणि १२ आठवडे फक्त नाश्ता व दुपारचं जेवण घेतलं. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच. दोनदा खाण्याच्या काळात सरासरी ३.७ किलो वजन घटलं, सहा वेळच्या काळात २.३ किलो. जिचकारांच्या बाजूने जाणारा हा पुरावा आहे, पण रुग्ण थोडे आणि काळही कमी.

उलट बाजूही आहे. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथल्या १३९ लोकांवरच्या अभ्यासात, कॅलरी कमी केल्यावर ठरावीक आठ तासांतच खाणाऱ्यांचं वजन वर्षभराने ८ किलो घटलं आणि वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या २० जणांवरच्या प्रयोगात तर गंमतच झाली. कर्बोदकं जास्त असलेल्या आहारावर लोकांचं इन्सुलिन वाढलं, तरी त्यांनी दिवसाला जवळपास ७०० कॅलरी कमी खाल्ल्या. सगळा दोष इन्सुलिनचा, हे म्हणणं तिथे टिकलं नाही.

जिचकार एमडी झाले तेव्हा लठ्ठपणा हा स्वतंत्र वैद्यकीय विषय म्हणून शिकवलाच जात नव्हता. कमी खा, चाला, एवढाच सल्ला असायचा. भुकेवर ताबा ठेवणारं लेप्टिन हे हार्मोन १९९४ मध्ये सापडलं. अमेरिकेत लठ्ठपणाच्या डॉक्टरांसाठी वेगळी बोर्ड परीक्षा सुरू झाली ती २०१२ मध्ये. परीक्षांच्या या शौकिनाने ती ४३ वी म्हणून दिली असती, असं म्हणायला वाव आहे.

ज्या वर्षी जिचकार गेले त्याच वर्षी, २००४ मध्ये, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एका पानाचा लेख लॅन्सेटमध्ये आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक असलेल्या भारतीय माणसात चरबी लपलेली असते, हे एका फोटोत कळलं. म्हणून आज भारतात बीएमआय २३ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात आणि कंबरेचा घेरही मोजतात.

कोंढाळीचा अपघात आणि नंतर

२ जून २००४. नागपूर-अमरावती रस्त्यावर कोंढाळीजवळ जिचकारांच्या गाडीची बसशी धडक झाली. त्यात त्यांचा मृत्यू झाला.

व्याख्यानाचं रेकॉर्डिंग उरलं. सुमारे आठ वर्षांनी ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या कानावर पडलं. दीक्षित वैद्यकीय महाविद्यालयात जनआरोग्याचे प्राध्यापक. त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला आणि तीन महिन्यांत आठ किलो वजन कमी झाल्याचं ते जाहीरपणे सांगतात. त्यांनी मूळ प्लॅनमध्ये काही बदल केले, रोजचं चालणं जोडलं, सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने उपाशीपोटी इन्सुलिन व एचबीए१सी तपासण्याचा आग्रह धरला. विनासायास वेटलॉस हे पुस्तक आलं, व्हॉट्सॲप ग्रुप झाले, राज्य सरकारने त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्यांशी त्यांचा वादही गाजला. श्रेय जिचकारांचं असल्याचं दीक्षित सुरुवातीपासून सांगत आले आहेत.

आता वजन कमी करणारी इंजेक्शनं आली आहेत. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोवी जूनमध्ये. त्यांचा महिन्याचा खर्च हजारोंत जातो. त्यापुढे दोन वेळच्या जेवणाला एक पैसा लागत नाही, त्यामुळे ते रेकॉर्डिंग इतक्यात मागे पडेल असं दिसत नाही.

अडचण आहे ती मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने जेवण दोनदाच केलं आणि डोस तोच ठेवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं, काही वेळा बेशुद्धी. गर्भवती, स्तनपान देणाऱ्या महिला, टाइप १ मधुमेही आणि वाढीच्या वयातली मुलं यांनी हा प्लॅन स्वतःहून सुरू करायचा नाही. बाकीच्यांनीही औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायचा आणि पहिले काही आठवडे ग्लुकोमीटर हाताशी ठेवायचा.