जपान कधीही न पाहिलेली बाई जपानमध्ये 'समुद्राची आई' कशी झाली?

सुशी ज्या काळपट हिरव्या पापुद्र्यात गुंडाळतात, तो असतो नोरी नावाच्या समुद्री शेवाळाचा. जपानी लोक पिढ्यानपिढ्या हे पीक घेत होते, पण उन्हाळ्यात ते जातं कुठे आणि त्याचं बी येतं कुठून, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९४०च्या दशकाच्या शेवटी पीक बुडालं आणि सगळेच हतबल झाले.

उत्तर सापडलं इंग्लंडमध्ये. १९०१ साली जन्मलेल्या कॅथलीन ड्र्यू-बेकर मँचेस्टर विद्यापीठात शिकवायच्या. १९२८ मध्ये लग्न झालं आणि पगारी नोकरी गेली, कारण विद्यापीठ विवाहित स्त्रियांना नोकरीवर ठेवत नसे. त्यांनी बिनपगारी संशोधन चालू ठेवलं.

शिंपल्यांत वाढणारे सूक्ष्म गुलाबी धागे तेव्हा वेगळीच जात मानले जात. ते नोरीच्याच कुळातल्या ब्रिटिश शेवाळाची एक अवस्था आहेत, हे कॅथलीन यांनी १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं.

त्यावरून जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांत नोरीचं बी तयार करून ते जाळ्यांवर धरवायची पद्धत बसवली आणि बेभरवशाचं पीक हमखास झालं.

१९५७ मध्ये कॅथलीन गेल्या. जपानमधल्या उतो इथं १९६३ मध्ये उभारलेल्या त्यांच्या स्मारकापाशी दर १४ एप्रिलला लोक आजही त्यांचे आभार मानतात.