टिफ्रॅकवाले नरसिंहन

आमच्या सिरसाळ्यात अण्णांचं मोटर भरायचं दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटरी जळाल्या की दुकानापुढं रांग लागते. लहानपणी मी तिथं तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायचो. थर्ड इयरला सिस्टीम प्रोग्रामिंग शिकताना ज्या माणसानं मला वेड लावलं, तोही तारांपासून सुरुवात करून भाषेपर्यंत पोचलेला निघाला!

आर. नरसिंहन. ट्युरिंग आपल्याला पाठ असतात, हे नाव मात्र व्हायवालाही कुणी विचारत नाही. जन्म 1926 चा, मद्रासचा. गिंडीच्या कॉलेजातून टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग, मग अमेरिकेत कॅलटेक, आणि इंडियाना विद्यापीठात गणितात पीएच.डी. 1954 साली ते मुंबईला होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये आले. काम काय, तर संगणक बांधायचा. आपल्याकडं तेव्हा संगणक डोळ्यांनी पाहिलेली माणसंही बोटांवर मोजण्याइतकी होती.

आधी एक छोटं प्रायोगिक मशीन झालं, ते 1956 च्या अखेरीस चाललं. मग मोठं मशीन 1960 मध्ये कामाला लागलं. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं बारसं केलं : टिफ्रॅक. आत 2700 व्हॅक्यूम ट्यूब, 1700 जर्मेनियम डायोड, 12500 रेझिस्टर. मेमरी 2048 शब्दांची, एक शब्द 40 बिटांचा. एका बिटाला फेराइटची एक बारीक कडी, तिच्यातून ओवलेल्या तारा. कडी एका दिशेनं चुंबकित झाली की 1, उलट दिशेनं झाली की 0. गुणाकार करून बघा, 81,920 कड्या होतात! अन् एवढ्या खटाटोपाची मेमरी भरते आपल्या हिशोबानं 10 केबी.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. कडीत काय आहे ते वाचलं की ते पुसलं जातं, म्हणून लगेच परत लिहावं लागतं, हेही सांगितलं. अण्णा हातातलं काम ठेवून हसायला लागले. म्हणाले की मग तर हे आपलंच दुकान झालं, दरवेळी नव्यानं भरायचं.

टिफ्रॅकचे प्रोग्राम 0 आणि 1 मध्येच लिहायचे. आपण ए बरोबर बी अधिक सी लिहितो आणि कंपायलर त्याच्या सूचना पाडतो. इथं तो कंपायलर म्हणजे माणूसच. मागच्या सेमिस्टरला मी एका एआरएम बोर्डावर लिनक्स चढवत होतो. माझा प्रोग्राम एका शब्दात मरायचा : इल्लीगल इन्स्ट्रक्शन. दोन रात्री गेल्या. शेवटी डिसअसेंब्ली काढून एकेक सूचना वाचली, तेव्हा कळलं की क्रॉस कंपायलर नव्या चिपसाठी कोड पाडतोय, बोर्डावरची चिप जुनी! टिफ्रॅकवाले रोज हेच करत असणार, तेही जीडीबी नसताना.

आता खरी बोचरी गोष्ट. टिफ्रॅक सुरू झालं तोवर परदेशात ट्रान्झिस्टरची मशीनं आली होती. 1964 मध्ये टीआयएफआरमध्येच सीडीसी 3600 आलं, फोरट्रान कंपायलरसकट. इतक्या वर्षांची मेहनत चार वर्षांत जुनी झाली. मला आधी वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

पण नरसिंहन तोवर पुढं सरकले होते. 1961 पासून ते इलिनॉय विद्यापीठात इलियाक-3 वर काम करत होते. बबल चेंबरच्या फोटोंतल्या कणांच्या रेषा मशीननं ओळखायच्या होत्या. त्यांनी चित्र वाक्यासारखं घेतलं. रेषा हे शब्द, त्यांची जोडणी हे व्याकरण. आपण कंपायलरच्या पेपरात पार्सिंग करतो ना, तेच, फक्त चित्राचं!

1964 मध्ये ते परत आले. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. मग सीएमसी या सरकारी कंपनीचे पहिले चेअरमन. 1978 ला आयबीएमनं भारत सोडला, तेव्हा देशभरातली त्यांची मशीनं चालू ठेवायचं काम याच सीएमसीनं अंगावर घेतलं. मशीनला आतून ओळखणारी माणसं आपल्याकडं तयार झाली ती टिफ्रॅकसारख्या कामातूनच, असं माझं मत. त्याआधी 1977 ला त्यांना पद्मश्री मिळाली होती. नंतर ते मुलं बोलायला कशी शिकतात याचाच अभ्यास करत बसले. सप्टेंबर 2007 मध्ये ते गेले.

पुढच्या महिन्यात कॅम्पसचे फॉर्म भरायचेत. पोरं सांगतात, टेस्टिंग लिही, लवकर लागशील. घरावर कर्ज आहे, हे त्यांनाही माहीत आहे. मी पेन्सिलीनं कंपायलर आणि एम्बेडेड लिनक्स लिहून ठेवलंय. शाईनं अजून भरलं नाही.