आकाशाला मोजपट्टी देणाऱ्या लेव्हिटबाई

हबल ही दुर्बीण १९९० साली आणि जेम्स वेब ही २०२१ साली अवकाशात गेली. त्यांनी टिपलेली दूरदूरच्या दीर्घिकांची चित्रे आता घरोघरी पाहावयास मिळतात. चित्राखाली लिहिलेले असते की, ही दीर्घिका इतके कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. आकाशात दोरी टाकून तर अंतर मोजता येत नाही. मग हा आकडा आला कोठून? त्याचे मूळ शोधू लागलो म्हणजे आपण एका पाळकाच्या मुलीपाशी येऊन पोहोचतो.

हेन्रिएटा स्वान लेव्हिट यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात लँकेस्टर या गावी झाला. वडील रेव्हरंड जॉर्ज लेव्हिट हे काँग्रिगेशनल पंथाचे पाळक. अहमदनगरकडे ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम केले, त्याच्या पाठीशी मुख्यतः याच पंथाच्या मंडळ्या होत्या. म्हणून हे घर आम्हांला अगदीच परके वाटत नाही. मुलींनी शिकावे असे या घराला वाटत होते. हेन्रिएटाबाई ओबर्लिन येथे शिकल्या आणि पुढे केंब्रिजच्या स्त्रियांच्या महाविद्यालयातून १८९२ साली पदवीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. शेवटच्या वर्षी त्यांनी खगोलशास्त्र हा विषय घेतला आणि आकाशाची गोडी लागली ती कायमची.

१८९३ साली त्या हार्वर्डच्या वेधशाळेत बिनपगारी काम करू लागल्या. त्या काळी दुर्बिणीवर बसून वेध घेणे हे पुरुषांचे काम. दुर्बिणीतून काढलेल्या छायाचित्रांच्या काचा तपासणे आणि आकडेमोड करणे हे स्त्रियांकडे असे, कारण त्या कमी मजुरीत मिळत. मध्यंतरी दुखण्यामुळे त्यांची श्रवणशक्ती मंदावत गेली. काही वर्षे त्यांना काम सोडून बेलॉइट येथे वडिलांकडे राहावे लागले. तरी मन काचांतच होते. १९०२ साली त्यांनी संचालक पिकरिंग यांना पत्र लिहिले आणि तासाला ३० सेंट मजुरीवर त्या परत आल्या. इतर स्त्रियांना २५ सेंट मिळत.

त्यांचे काम होते रूपविकारी तारे शोधण्याचे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होत असते असे तारे. पेरू देशातील अरेक्विपा येथे हार्वर्डची दुर्बीण होती. तेथून आलेल्या काचांवर तारे काळ्या ठिपक्यांसारखे दिसत. एका रात्रीची काच दुसऱ्या रात्रीच्या उलट प्रतीवर ठेवून, कोणता ठिपका लहानमोठा झाला हे भिंगातून पाहावयाचे. असे हजारो ठिपके, आणि वर्षानुवर्षे. १९०८ साली त्यांनी दोन्ही मॅगेलनी मेघांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यात १६ ताऱ्यांविषयी एक लहानशी नोंद होती: जो तारा अधिक तेजस्वी, त्याला मंद होऊन पुन्हा उजळण्यास अधिक दिवस लागतात.

१९१२ साली त्यांनी लघु मॅगेलनी मेघातील २५ तारे घेऊन हा नियम पक्का केला. त्यांचा काल सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत होता. हे महत्त्वाचे का, ते पाहू. रात्री दूरच्या डोंगरावरील गावाचे दिवे दिसतात. ते सारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. म्हणून त्यांत जो अधिक उजळ दिसतो तो खरोखरच मोठा दिवा असतो. मेघातील ताऱ्यांचेही तसेच. मग असा तारा कोठेही सापडो, त्याचे दिवस मोजले की खरे तेज कळते, आणि ते तेज आपल्याला किती फिके दिसते त्यावरून अंतर काढता येते. आकाशाला मोजपट्टी मिळाली ती अशी.

पण हे पत्रक प्रसिद्ध झाले पिकरिंग यांच्या सहीने. ते मिस लेव्हिट यांनी तयार केले, एवढा उल्लेख त्यात आहे. हा धागा पुढे नेण्याची संधी बाईंना मिळाली नाही. पिकरिंग यांनी त्यांना ध्रुवाजवळच्या ९६ ताऱ्यांच्या तेजाची प्रमाणे ठरविण्यास बसविले. तेही त्यांनी चोख केले. त्यांनी शोधलेल्या रूपविकारी ताऱ्यांची संख्या सुमारे २,४०० झाली. १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मागे ठेवलेल्या वस्तू व रोखे मिळून किंमत ३१५ डॉलरच्या आतच होती.

दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत याच जातीचा तारा सापडला. लेव्हिटबाईंच्या नियमाने हिशेब केल्यावर ती आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे हे सिद्ध झाले. आजच्या मोजणीप्रमाणे ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. हबल दुर्बिणीने अनेक दीर्घिकांत हेच तारे शोधून विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजला, आणि वेब दुर्बिणीने त्या मोजमापांची पुन्हा तपासणी केली. केप्लर दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात इतर सूर्यांभोवतीचे अडीच हजारांहून अधिक ग्रह दाखविले. तीही ताऱ्याचे तेज किंचित कमी झालेले टिपूनच. रीत निराळी, पण धीराने ठिपका पाहण्याची शिस्त तीच.

१९२५ साली स्वीडनचे गणिती मिट्टाग-लेफ्लर यांनी नोबेल पारितोषिकासाठी बाईंचे नाव सुचविण्याच्या विचाराने त्यांना पत्र लिहिले. पत्र पोहोचले, पण घेणारी जाऊन तीन वर्षांवर काळ लोटला होता. आज अनेक शास्त्रज्ञ त्या नियमाला लेव्हिटचा नियम म्हणतात. हा न्यायच आहे, पण उशिरा आलेला.

आपल्या मंडळ्यांतही नोंदवह्या लिहिणाऱ्या, हिशेब जुळविणाऱ्या, वर्षानुवर्षे संडेस्कूल चालविणाऱ्या भगिनी आहेत, आणि अहवालाखाली सही मात्र दुसऱ्याचीच असते. देवाने ज्यांना अशी चिकाटी दिली, त्यांना आभाराचे पत्र लिहावयाचे असेल तर ते या वर्षीच लिहावे, असे आम्हांला वाटते.