विरजण देणारा माणूस

 

गेल्या सेमिस्टरला मी एक वाईट गोष्ट केली. माझ्या रूममेटने फ्लुइड मेकॅनिक्सच्या नोट्स दोनदा मागितल्या आणि दोन्ही वेळा मी अजून पूर्ण झाल्या नाहीत असं सांगितलं. नोट्स तयार होत्या. तिला त्या विषयात केटी लागली. ती मला काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

यंदा सेमिनारला मला यीस्ट हा विषय मिळाला. लायब्ररीत वाचता वाचता एमिल ख्रिश्चन हॅन्सन भेटले.

हॅन्सन यांचा जन्म ८ मे १८४२ रोजी डेन्मार्कमधल्या रिबे या गावी झाला. घरची गरिबी. वडील घरं रंगवायचे, आणि एमिलनेही हातात ब्रश घेऊन तेच काम केलं. पुढे शिकायची ओढ स्वस्थ बसू देईना. शिक्षणाच्या खर्चासाठी त्यांनी चक्क कादंबऱ्या लिहिल्या! १८७६ मध्ये बुरशीवरच्या निबंधाला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. आपण विशीतच करिअर संपल्यासारखं तोंड करून बसतो.

१८७९ पासून ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत होते. कार्ल्सबर्ग ही जे. सी. जेकबसन यांची बिअरची ब्रुअरी. तिथलं यीस्ट जेकबसन यांनी १८४५ मध्ये म्युनिकच्या सेडलमायर यांच्याकडून आणलं होतं. वाटेत गाडी थांबेल तिथे पाणी ओतून ते थंड ठेवत त्यांनी ते जिवंत घरी पोचवलं. आपल्या आया शेजारून विरजण आणतात आणि रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवतात, तसंच ब्रुअरीत टाकीच्या तळाचं यीस्ट पुढच्या घाण्याला वापरायचे.

पण विरजण बिघडलं तर पुढचं सगळं दही बिघडतं. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गची बिअर अशीच बिघडली. चव कडवट, वास विचित्र. असा बिघाड बॅक्टेरियामुळे होतो, असं तेव्हा पाश्चरच्या संशोधनामुळे मानलं जायचं. हॅन्सन यांनी दाखवलं की चांगल्या यीस्टमध्ये जंगली यीस्ट मिसळलं तरीही बिअर बिघडते, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात.

मग वेगळं करायचं कसं? त्यांनी यीस्ट खूप पातळ केलं, जिलेटिनमध्ये मिसळलं, काचेवर पसरलं आणि मायक्रोस्कोपखाली एकच सुटी पेशी हेरून ठेवली. तिच्यापासून वाढलेला ठिपका उचलून निर्जंतुक केलेल्या माल्टच्या गोड पाण्यात टाकला. आधी छोटा फ्लास्क, मग मोठा, मग त्याहून मोठा. नोव्हेंबर १८८३ मध्ये त्या एका पेशीच्या वंशावर ब्रुअरीत बिअर तयार होऊ लागली. हे काम मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी त्यांनी क्यूले यांच्याबरोबर खास यंत्रही बनवलं. आपल्या भाषेत, लॅब स्केलवरून प्लांट स्केल! यीस्ट जपून ठेवायची त्यांची पद्धत तर किती साधी: दहा टक्के साखरेचं निर्जंतुक पाणी. त्यात यीस्ट वाढत नाही, पण वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

आता खरी गोष्ट. या पद्धतीचं पेटंट घेऊन खोऱ्याने पैसा ओढता आला असता. हॅन्सन यांनी पेटंट घेतलं नाही. उलट सगळी कृती तपशीलवार लिहून जगाला फुकट दिली. आज जगभर शुद्ध यीस्ट वापरलं जातं, त्याचा पाया हाच. २७ ऑगस्ट १९०९ रोजी ते गेले, पण शेवटपर्यंत त्याच प्रयोगशाळेत काम करत होते.

हे वाचून झालं आणि मला माझ्या कपाटातल्या नोट्स आठवल्या. विरजण दिल्याने कुणाचं दही कमी झालंय का?

त्याच रात्री मी नोट्स रूममेटच्या टेबलावर ठेवल्या, आणि खोटं बोलले होते हेही सांगून टाकलं. तिने फक्त मान हलवली. चार दिवसांनी नोट्स परत आल्या. माझी दोन गणितं चुकली होती. तिने पेन्सिलीने ती दुरुस्त केली होती.