रविवार मिळवून देणारा माणूस : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

मुंबईत परळला कामगारविषयक शिक्षण देणारी एक शासकीय संस्था आहे. १९४७ साली तिची स्थापना झाली. कामगार कायदा, वेतन, औद्योगिक संबंध, मनुष्यबळ व्यवस्थापन हे विषय तेथे शिकवले जातात. कारखान्यांतील कामगार अधिकारी तेथून शिकून बाहेर पडतात. पुढे या श्रमविज्ञान संस्थेला ज्यांचे नाव देण्यात आले, ते नारायण मेघाजी लोखंडे कोणी प्राध्यापक नव्हते. विद्यापीठाची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. मग या विद्येच्या दारावर त्यांचे नाव का, असा प्रश्न मला पडला आणि म्हणून त्यांचे चरित्र वाचावेसे वाटले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घरची परिस्थिती बेताची होती. शाळेचे शिक्षण संपताच त्यांनी नोकरी धरली. काही काळ सरकारी कारकुनी केल्यावर ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. ही नोकरीच त्यांची खरी शाळा ठरली. गिरणीत मजूर कसे आणले जातात, कसे राबवले जातात आणि कसे काढून टाकले जातात, हे सारे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

त्या काळी गिरणीत नोकरभरती करणारा वेगळा अधिकारी नव्हता. मुकादम, म्हणजेच जॉबर, हाच सर्वेसर्वा असे. काम तोच देई, काढूनही तोच टाकी, आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. विजेचे दिवे आलेले नव्हते. त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणी चाले आणि उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. सणावारी गिरणी बंद राही, पण आठवड्याची अशी हक्काची सुट्टी नव्हती. पगाराची तारीख ठरलेली नसे. यंत्रात हात गेला तर नशिबाला बोल लावून गावची वाट धरायची.

आणि हे गाव पुष्कळदा आपलेच असे. मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा होता. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा याच जिल्ह्यात होता. खोताची जमीन कसून पोट भरेना, म्हणून घरटी एक तरी माणूस गलबताने, पुढे आगबोटीने मुंबई गाठी. माझे आजोबाही याच वाटेने गेलेले गिरणीतले बदली कामगार. रविवारी भजनाला बसायचो, असे ते सांगत. पण तो रविवार कोणामुळे मिळाला, हे त्यांना ठाऊक नव्हते.

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालवले. गिरणीतल्या मजुराची हकीकत त्यामुळे मराठीत छापून येऊ लागली.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, पण प्रौढ मजुरांच्या तासांना हातही लावला नाही. १८८४ साली या प्रश्नाचा पुन्हा विचार करण्यासाठी सरकारने मुंबईत कमिशन नेमले. मालक आपली बाजू मांडणारच होते. मँचेस्टरच्या कारखानदारांनाही इथल्या गिरण्यांवर बंधने हवी होती, पण ती स्वतःच्या फायद्यासाठी. त्यामुळे आपल्याकडची कित्येक देशी वृत्तपत्रेही कायद्याच्या विरोधात होती. या सगळ्या गदारोळात प्रत्यक्ष मजुराला कोणी विचारले नव्हते. ते काम लोखंडे यांनी केले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला मजुरांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला.

त्या अर्जातील मागण्या पाहण्यासारख्या आहेत. आठवड्यातून रविवारची सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम असावे. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हाती यावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

सहा वर्षे दाद लागली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा झाली. तीत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कमिशनवर मुंबईच्या मजुरांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे यांनाच घेण्यात आले. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती आली. अपघाताच्या भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ साल उजाडले, आणि वेळेवर पगाराचा कायदा आला १९३६ साली. आज जो विषय पाठ्यपुस्तकांत प्रकरणे पाडून शिकवतात, त्यातली कितीतरी प्रकरणे त्या एका अर्जात होती!

लोखंडे यांच्या संघटनेला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लेखी नियम नव्हते. म्हणून काही अभ्यासक तिला खरी ट्रेड युनियन मानत नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. संघटना बहुतांशी त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर उभी होती आणि त्यांच्यामागे ती टिकली नाही. परंतु मजुराला काय हवे ते मजुरालाच विचारावे, लिहून काढावे आणि सत्तेपुढे मांडावे, ही रीत त्यांनी घालून दिली. कामगारविषयक संशोधन याहून वेगळे काय असते?

त्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवणाऱ्या नाभिकांच्या मागे ते उभे राहिले. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी त्यांनी खटपट केली. सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळू लागले. लोखंडे मात्र रोग्यांच्या शुश्रूषेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणपन्नासच्या आतबाहेर होते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज आपल्यातले कित्येक विद्यार्थी पदवीनंतर मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे वळू पाहतात. चांगली नोकरी मिळते, हे खरे आहे. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याने लोखंडे यांना विसरू नये. आपल्या जिल्ह्यात मासेमारीच्या बोटींवर परक्या मुलखातून आलेले खलाशी आहेत, आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी गडी आहेत, कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत. एकेकाळी आपली माणसे मुंबईला जशी गेली, तशीच ही माणसे आपल्याकडे आली आहेत. त्यांचा रविवार कोणता, पगाराची तारीख कोणती, हात दुखावला तर दवाखान्याचा खर्च कोण देतो, हे आपण त्यांना विचारले आहे का? वही-पेन्सिल घेऊन मिरकरवाडा बंदरावर जायला विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही.