कोचिंगवर विश्वास नसलेला कोच

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची मॅच कधी बघितलीत तर एक करा. थोडा वेळ बॉल सोडून बेंचकडे बघा. हेड कोच, त्याच्या बाजूला दोन-तीन असिस्टंट, फिटनेस बघणारा वेगळा, समोरच्या टीमचे व्हिडिओ बघून नोट्स काढणारा वेगळा. दोन वर्षांचा कोर्स चालवणाऱ्या छोट्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांच्या टीमलाही हेड कोच आणि हाताखाली असिस्टंट असतात. (आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत क्रिकेट, कबड्डी, बास्केटबॉल आणि वर ॲन्युअल स्पोर्ट्स, सगळं जिमखान्याच्या एकाच सरांच्या गळ्यात!)

आता गंमत ऐका. ज्यांनी हा खेळ शोधला, त्या डॉ. जेम्स नायस्मिथ यांना एवढा ताफा कशासाठी, हेच कळलं नसतं. बास्केटबॉल शिकवायचा नसतो, तो नुसता खेळायचा असतो, असं त्यांचं मत होतं. आणि तरी त्यांनी नऊ सीझन कॅन्सस युनिव्हर्सिटीची टीम सांभाळली. निकाल? ५५ मॅच जिंकल्या, ६० हरल्या. कॅन्ससच्या आजवरच्या हेड कोचमध्ये जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले ते एकटेच.

नायस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये, आल्माँट गावाजवळ. १८७०मध्ये विषमज्वरात आईवडील दोघंही गेले. नऊ वर्षांच्या पोराला मामाने वाढवलं. शाळा मध्येच सुटली, मग जंगलात लाकूडतोडीचं काम. काही वर्षांनी परत वर्गात येऊन बसले आणि थेट माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीपर्यंत पोचले. म्हणजे गॅप पडला म्हणून करिअर संपलं, असं वाटणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

मॅकगिलनंतर त्यांनी धर्मशास्त्र शिकायला घेतलं. घरच्यांना वाटलं, मुलगा पाद्री होणार. पण मुलाचा जीव जिममध्ये आणि रग्बीच्या मैदानावर. त्या काळात सज्जन माणसांच्या लेखी फुटबॉल, रग्बी म्हणजे सैतानाचे उद्योग होते. नायस्मिथ यांना मात्र वाटू लागलं, की पोरं चर्चमध्ये जेवढी ऐकतात त्याहून जास्त मैदानावर ऐकतात. मग १८९०मध्ये पाद्रीपण बाजूला ठेवून ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झाले. बहीण ॲनीला हा निर्णय कधीच पटला नाही.

पुढचा भाग तुम्ही जीकेच्या पुस्तकात एका ओळीत वाचला असेल. पण तो खरं तर एका सबमिशनचा किस्सा आहे. १८९१चा हिवाळा, बाहेर बर्फ, मैदानी खेळ बंद. जिममध्ये रोज तेच ते कवायतीचे प्रकार करून १८ जणांचा एक वर्ग वैतागलेला. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकलेले. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नायस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि आतमध्ये खेळता येईल असा नवा खेळ शोधायला १४ दिवस दिले. पहिले बारा-तेरा दिवस वायाच गेले म्हणा ना. रग्बी आत आणून बघितलं, सॉकर बघितलं, लॅक्रॉस बघितलं. कुणाला मार लागला, कुठे काचा धोक्यात आल्या.

मग त्यांनी विचार उलट्या बाजूने सुरू केला. धसमुसळेपणा का होतो? कारण खेळाडू बॉल घेऊन पळतो आणि बाकीचे त्याला पाडतात. बॉल घेऊन पळायलाच बंदी केली तर? गोल जमिनीवर असला की जोरात मारावं लागतं. गोल डोक्याच्या वर नेला तर? लहानपणी आल्माँटला खडकावरचा दगड नेमाने पाडायचा एक खेळ ते खेळायचे. त्यात जोरात फेकणारा हरायचा, हळुवार कमानीत फेकणारा जिंकायचा. ते आठवलं. शिपायाकडे खोके मागितले, त्याने पीचच्या टोपल्या आणून दिल्या. बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून आज तुमच्या कॉलेजची रिंगही १० फुटांवर आहे. यामागे दुसरं काहीही शास्त्र नाही!

२१ डिसेंबर १८९१ला १३ नियमांचा कागद भिंतीवर लागला. बाजूला नऊ-नऊ जण, सॉकरचा बॉल, निकाल १-०. त्या १३ नियमांमध्ये अंपायर आहे, रेफरी आहे. कोच हा शब्द कुठेच नाही. पुढच्या मार्चमध्ये शिक्षक विरुद्ध विद्यार्थी अशी मॅच लोकांसमोर झाली. शिक्षकांच्या बाजूने स्वतः नायस्मिथ खेळले आणि शिक्षक ५-१ने हरले.

खेळ वायएमसीएच्या जाळ्यातून भराभर पसरला. आपल्याकडेही तो याच वाटेने आला. १९२०मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढणारे हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डचेच. मुंबईतल्या नागपाड्यात मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर आजही जी पोरं घाम गाळतात, त्यांचं नातं तिथपर्यंत जातं. नायस्मिथ स्वतः मात्र खेळाचं पेटंट काढून पैसे करण्याच्या फंदात पडले नाहीत. ते डेन्व्हरला गेले, तिथे डॉक्टर झाले आणि १८९८मध्ये कॅन्सस युनिव्हर्सिटीत आले. तेही बास्केटबॉलसाठी नाही. युनिव्हर्सिटीला प्रार्थना घेणारा आणि शारीरिक शिक्षण शिकवणारा माणूस हवा होता.

टीम त्यांनी उभी केली, पण कोच म्हणून ते कसे होते? स्वतःच्या टीमच्या मॅचमध्ये ते कित्येकदा रेफरी असायचे. व्यायाम म्हणून बास्केटबॉलपेक्षा कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्स बरे, असं सांगायचे. जिंकण्याची त्यांना विशेष ओढ नव्हती. मैदानावर मुलाने स्वतःचं डोकं चालवावं, बाहेरून ओरडून कुणी त्याला बाहुलं करू नये, हा त्यांचा हट्ट. मला हा हट्ट पटतो आणि नाहीही पटत. ६० पराभवांमधल्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगणारं कुणी हवं असेलच की. पण नियमही बरीच वर्षं त्यांच्या बाजूने होते हे लक्षात घ्या. टाइमआउटमध्ये कोचने खेळाडूंशी बोलायची परवानगी अमेरिकेत १९४८-४९च्या सीझनला मिळाली.

हा हट्ट पहिल्यांदा मोडला तो त्यांच्याच विद्यार्थ्याने. फॉग ॲलन नावाचा खेळाडू एका छोट्या कॉलेजात कोच म्हणून निघाला, तेव्हा नायस्मिथ यांनी त्याची चेष्टा केली. बास्केटबॉलला कोच कसला? ॲलन ऐकणाऱ्यांतला नव्हता. त्याने बचाव कसा, पास कुठे, सराव किती हे सगळं शिकवायचा धंदाच सुरू केला. १९०७मध्ये नायस्मिथ यांच्या जागी कॅन्ससचा कोच तोच झाला. दोन टप्प्यांत मिळून ३९ सीझन आणि ५९० विजय! केंटकीचे ॲडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ हे त्याच्याच हाताखाली खेळलेले. मायकल जॉर्डन कॉलेजात डीन स्मिथ यांच्या टीममधून खेळला. म्हणजे हिशेब तुम्हीच लावा.

१९२७मध्ये ॲलनच्या पुढाकाराने कोचेसची संघटना उभी राहिली. १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकला बास्केटबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा या संघटनेने मॅचच्या तिकिटांमधून पैसे गोळा केले आणि पंचाहत्तरीला आलेल्या नायस्मिथ यांना बर्लिनला पाठवलं. ज्या पेशाची गरज नाही असं ते म्हणत होते, त्याच पेशातल्या लोकांनी. फायनल उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर, भर पावसात झाली. बॉल टप्पाच खाईना. अमेरिका १९, कॅनडा ८. एक दत्तक देश, एक जन्माचा देश, आणि मेडल द्यायला नायस्मिथ. त्याच पावसाने भारत-जर्मनी हॉकी फायनल एक दिवस पुढे गेली होती, ती ध्यानचंदवाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलंही त्याच ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला बर्लिनला गेली होती.

पण मला नायस्मिथ यांच्यातला खरा कोच दिसतो तो बर्लिनच्या आधी तीन वर्षं. १९३३मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससला शारीरिक शिक्षण शिकायला आला. वडिलांनी सांगितलं होतं, तिथे नायस्मिथ आहेत, त्यांना शोध. मुलगा थेट त्यांच्या खोलीत गेला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक, असं सांगून मोकळा झाला. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. ती भिंत नायस्मिथ यांनी पाडली नाही, हेही लिहायला हवं. पण वर्गाबाहेरही त्यांनी या मुलाला खेळ उलगडून दाखवला. खेळ फक्त रिंगखाली नसतो, बॉल जिथे असेल तिथे, पूर्ण कोर्टभर असतो, हे मॅक्लेंडन त्यांच्याकडून शिकला. फास्ट ब्रेक आणि पूर्ण कोर्टवर दबाव टाकण्याची त्याची पद्धत इथून सुरू झाली.

नायस्मिथ २८ नोव्हेंबर १९३९ला कॅन्ससमध्येच, लॉरेन्स गावी गेले. त्यानंतर सव्वाचार वर्षांनी, १२ मार्च १९४४च्या रविवारी, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये लोक चर्चमध्ये असताना एका जिमचे दरवाजे आतून बंद झाले. आत कोच मॅक्लेंडन यांची कृष्णवर्णीय कॉलेजची टीम आणि ड्यूकच्या मेडिकल स्कूलची गोऱ्यांची टीम. तिथल्या वंशभेदाच्या कायद्यांमुळे असा सामना होणंच अशक्य होतं, म्हणून प्रेक्षक नाहीत. ८८-४४ने मॅक्लेंडन यांची पोरं जिंकली. मग दोन्ही टीम मिसळून आणखी एक मॅच खेळले. ही बातमी बाहेर यायला १९९६ उजाडलं.

स्प्रिंगफील्डला नायस्मिथ यांच्या नावाचं हॉल ऑफ फेम आहे. तिथे मॅक्लेंडन यांचा समावेश दोनदा झाला, १९७९मध्ये खेळासाठी केलेल्या योगदानाबद्दल आणि २०१६मध्ये कोच म्हणून. नायस्मिथ १९५९मध्येच तिथे गेले, पण फक्त योगदानाच्या यादीत. कोचेसच्या यादीत त्यांचं नाव नाही.