गोरोबाकाकांच्या गावची माती

संत गोरा कुंभार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवणारा कुंभार आणि त्याच्या पायाखाली आलेले रांगते मूल. कीर्तनात ही कथा ऐकून आमच्या सोलापूरकडच्या कितीतरी बायाबापड्यांनी पदराने डोळे पुसले आहेत. मात्र तो चिखल कोणत्या गावचा, हे फारसे कुणी विचारत नाही.

ते गाव तेर. बार्शीहून पुढे, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म १२६७ सालचा. पण त्यांच्या आधी बाराशे वर्षे हेच गाव तगर म्हणून सातासमुद्रापार ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने दर्यावर्दींसाठी माहितीपुस्तक लिहिले. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला येते, अशी त्यात नोंद आहे. तिथून माल रोमच्या साम्राज्यात जाई. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये मांडले. पुढे १९५८ मध्ये इथे उत्खननही झाले.

गावच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. तिथली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून जाणकारांना पाँपेईची आठवण होते. इटलीतले ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले आणि १९३८ मध्ये तिथेही अशीच एक भारतीय घडणीची मूर्ती मिळाली. मला मात्र अधिक ओढ मातीच्या वस्तूंची. रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदके तेरला मिळाली आहेत. बँकेत उभा जन्म नाणी-नोटा मोजण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला त्यांचे फार अप्रूप वाटते. राजाचे नाणे सोन्याचे, पण ते गळ्यात मिरवायची हौस गरिबालाही असणारच! दोन साच्यांत घडवलेल्या, आतून पोकळ अशा पांढऱ्या मातीच्या बाहुल्याही इथल्याच.

ही पदके, या बाहुल्या कुणी घडवल्या? एकाचेही नाव उरलेले नाही. तेरच्या शेकडो कुंभारांपैकी आपल्याला नावानिशी ठाऊक आहे तो एकच, आणि तोही मडक्यांमुळे नव्हे.

त्याचे आयुष्य कथांमधूनच आपल्यापर्यंत आले. पत्नी संती पाणी आणायला गेली, बाळाला त्याच्या भरवशावर ठेवून. परतून पाहते तो बाळ चिखलात मिसळून गेलेले. तिने आकांत केला, विठ्ठलालाही बोल लावले. संतापून नवरा अंगावर धावून आला, तेव्हा तिने त्याच विठ्ठलाची शपथ घातली, मला शिवायचे नाही म्हणून. त्याने ती अखेरपर्यंत पाळली. वंश बुडेल या भीतीने तिने आपली बहीण रामी हिच्याशी त्याचे लग्न लावून दिले. दोघींना सारखे वागवा, असे सासऱ्याने सांगताच त्याने रामीलाही तोच नेम लावला. एकदा झोपेत त्या दोघींनी त्याचे हात आपल्या अंगावर घेतले, तर जाग येताच त्याने ते हातच तोडून टाकले. कुंभाराचे हात!

पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हात परत आले, बाळही रांगत आले, असे कथा सांगते. भाविकाला तो शेवट पुरतो. कादंबरी लिहिणाऱ्या मला संतीपाशी थांबावेसे वाटते. देवाच्या लाडक्या भक्ताला तिने देवाचीच शपथ घालून अडवले. या कथेत शोक करण्याचा आणि जाब विचारण्याचा हक्क एका आईला मिळाला आहे, आणि आपल्या लोकांनी तो सातशे वर्षे गाळला नाही, याचे मोल मला चमत्काराहून कमी वाटत नाही.

मग मुक्ताबाईच्या सांगण्यावरून याच कुंभाराने थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली. बाकीचे निमूट बसले, नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. नाराज होऊन गेलेल्या नामदेवांना अखेर विसोबा खेचरांपाशी गुरू भेटला. कच्चे-पक्के ओळखण्याचा अधिकार गोरोबांना वयामुळे मिळाला, असे म्हणतात. मला वाटते, ज्याचे घर असे भट्टीतून निघाले, त्यालाच तो शोभतो.

१३१७ मध्ये त्यांनी तेरलाच देह ठेवला. तिथे त्यांचे मंदिर आहे. भाविक दर्शन घेतात आणि पुष्कळदा तसेच परततात. पुढच्या वेळी मुलाबाळांना घेऊन गेलात तर संग्रहालयातही अवश्य डोकवा. रोमशी व्यापार करणारे शहर केव्हाच गेले. त्याच्या पांढरीतून निघालेली ती पदके, त्या बाहुल्या तेवढ्या मुलांना दाखवा, आणि त्या गोरोबाकाकांच्याच गावच्या कुंभारांनी घडवल्या, हेही सांगा.